केन नदीकाठची क्रेओल घरे : नॅकटिशला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लुईझियाना म्हटले की बहुतेकांची पावले न्यू ऑर्लिन्सकडे वळतात, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु क्रेओल घर म्हणजे नेमके काय, ते कशाने बांधत, कोणी बांधले आणि त्यात कोण राहिले, हे एकाच रस्त्याने जात दोन दिवसांत समजून घ्यायचे असेल, तर त्या राज्याच्या वायव्य भागातील केन नदीकाठच्या नॅकटिश या गावासारखे दुसरे ठिकाण मला ठाऊक नाही. ह्यूस्टन आणि डॅलस या दोन्ही शहरांतून येथे मोटारीने साधारण चार तासांत पोहोचता येते. त्यामुळे टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शनिवार-रविवारला जोडून एखादा दिवस मिळाला, तरी ही सहल सहज जमते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळे उलट्या क्रमाने पाहिले, म्हणजे आधी मोठी घरे आणि मग, वेळ उरला तर, लहान घरे. त्यामुळे पाहिलेल्यापैकी निम्मे कळलेच नाही. पुढचा क्रम त्या अनुभवातून ठरलेला आहे.

निघण्यापूर्वी

सर्वांत आधी गावाचे नाव नीट लक्षात घ्यावे. पाट्यांवरची अक्षरे वाचून आपण ‘नॅचिटोचेस’ असे काहीतरी म्हणतो, पण स्थानिक लोक ‘नॅकटिश’ म्हणतात. कॅडो समूहातील ज्या मूळ रहिवाशांच्या वस्तीजवळ हे गाव वसले, त्यांचे ते नाव आहे. पूर्व टेक्सासमध्ये नॅकोडोचेस नावाचे दुसरे जुने गाव आहे आणि दोन्ही नावांची अक्षरे इतकी सारखी आहेत की फोनवरच्या नकाशात घाईने चुकीचे नाव निवडले जाते. म्हणून नावापुढे लुईझियाना आहे ना, हे निघतानाच पाहून घ्यावे. आंतरराज्य महामार्ग ४९ वरून १३८ क्रमांकाच्या फाट्याला बाहेर पडले की गाव जवळच आहे. श्रीव्हपोर्टहून येथपर्यंत अंतर साधारण ७५ मैल आहे.

मोटार स्वतःची किंवा भाड्याची हवीच, कारण गावातली ठिकाणे पायी पाहता येतात, पण खरी क्रेओल घरे गावाच्या दक्षिणेला नदीकाठाने वीस-बावीस मैलांच्या पट्ट्यात विखुरलेली आहेत आणि तेथे सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर जाता येत नाही. नदीकाठच्या रस्त्यावर पेट्रोल पंप आणि खाण्याची ठिकाणे अगदी तुरळक आहेत, फोनची रेंजही मध्येच जाते. म्हणून टाकी भरून, पाणी आणि डबा बरोबर घेऊन, नकाशा आधीच फोनवर उतरवून निघावे. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट आणि तापलेली असते की दुपारी उघड्यावर फिरणे मुलांना आणि वडीलधाऱ्यांना झेपत नाही, शिवाय डासही पुष्कळ असतात. ही सर्व ठिकाणे आठवड्याचे सातही दिवस सारख्या वेळेत उघडी नसतात आणि घरांच्या आतील मार्गदर्शित फेऱ्यांच्या वेळा वेगळ्या असतात. तेव्हा जाण्याच्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणाच्या अधिकृत संकेतस्थळावर वेळ पाहूनच दिवस ठरवावा.

दोन शब्द आधी समजून घ्यावेत

पहिला शब्द ‘क्रेओल’. आज तो ऐकला की पुष्कळांना मसालेदार जेवण आठवते. वसाहतकाळात मात्र लुईझियानात जन्मलेल्या माणसाला क्रेओल म्हणत, आणि तो कोणत्या वंशाचा आहे यावर ते अवलंबून नव्हते. फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी अशा अनेक धाग्यांतून विणलेली, फ्रेंच बोलणारी आणि कॅथलिक धर्म पाळणारी ती एक संस्कृती होती. केन नदीच्या काठावर गोऱ्या जमीनदारांना हा शब्द लागला, तसा मिश्र वंशाच्या मुक्त कुटुंबांनाही लागला, आणि या दुसऱ्या समाजाचे वंशज आजही तेथेच राहतात व अभिमानाने स्वतःला क्रेओल म्हणवतात. म्हणून हा शब्द भूतकाळातल्या एखाद्या लुप्त झालेल्या लोकांविषयी बोलावा तसा वापरू नये.

दुसरा शब्द ‘बूसियाझ’. हे एका प्रकारच्या भिंतीचे नाव आहे. सायप्रसच्या लाकडाचे उभे खांब, त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ठोकलेल्या काटक्या, आणि त्या काटक्यांवर घोंगडीसारखे पसरून दाबून बसवलेले चिकणमातीचे लगदे, अशी तिची रचना असते. मातीत स्पॅनिश मॉस मिसळत. तेथील झाडांवरून राखाडी जटांसारखे जे लोंबत असते तेच हे. ते पाण्यात कुजवले की वरची साल निघून जाते आणि आत घोड्याच्या केसासारखा काळा, चिवट तंतू उरतो. कधीकधी हरणाचे केसही मातीत घालीत. वरून मातीचा किंवा चुन्याचा गिलावा आणि सफेदी. कोकणातली कुडाची भिंत किंवा भाताचा पेंढा कालवून लिंपलेली मातीची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजायला दोन मिनिटे पुरतील. ओल्या, उष्ण हवेत लाकूड आणि माती एकत्र कशी टिकवायची, या एकाच प्रश्नाला दोन दूरच्या मुलखांतल्या माणसांनी दिलेले हे जवळजवळ सारखे उत्तर आहे.

घराची बाकीची लक्षणेही आपल्याला ओळखीची वाटतील. घर जमिनीपासून उंच खांबांवर उचललेले असते, पुरापासून बचाव व्हावा आणि खालून वारा खेळावा म्हणून. पुढे, आणि पुष्कळदा मागेही, रुंद पडवी असते, तिला तेथे गॅलरी म्हणतात. चारही बाजूंनी उतरणारे छप्पर त्या पडवीवर थेट पुढे आलेले असते. आत बोळ नसतो, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे लागते. अनेक खोल्यांची दारे सरळ पडवीत उघडतात. घराच्या मधोमध मोठा बोळ दिसला, तर तेथे नंतरच्या इंग्रजी-अमेरिकी पद्धतीचा प्रभाव आला आहे असे समजावे. एवढी ओळख असली की पुढचे प्रत्येक घर तुम्हाला स्वतःलाच वाचता येईल.

पहिला दिवस : गाव

दुपारपर्यंत पोहोचून मोटार एकदाच लावून टाकावी आणि फ्रंट स्ट्रीटवर पायी निघावे. विटांनी फरसबंदी केलेला हा रस्ता, त्याच्या एका बाजूला ओतीव लोखंडाच्या सज्जांची जुनी दुकाने आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरत जाणारे हिरवे तीर, हे या गावाचे सर्वांत परिचित दृश्य आहे. १९८८ मध्ये एका गाजलेल्या चित्रपटाचे चित्रीकरण येथे झाल्यापासून पुष्कळ लोक केवळ त्यासाठीही येतात. याच रस्त्यावर १८६३ पासून चालत आलेले काफी-फ्रेडरिक हे दुकान आहे. तेथे आजही खिळे, भांडी आणि खेळणी एकाच छताखाली मिळतात. काही घ्यायचे नसले तरी आत एक फेरी मारावी.

मात्र खालच्या पाण्याकडे नीट पाहावे, कारण या गावाचे सगळे दैव त्या पाण्यात आहे. आपण ज्याला केन नदी म्हणतो ती आज वाहती नदी राहिलेली नाही. ते साधारण ३५ मैल लांबीचे, दोन्ही टोकांना अडवलेले सरोवर आहे. एकेकाळी रेड नदीचा मुख्य प्रवाह येथून जात असे. १७१४ मध्ये लुई जुशेरो द सँ-दनी या फ्रेंच अधिकाऱ्याने मेक्सिकोतील स्पॅनिशांशी व्यापार करण्याच्या उद्देशाने येथे ठाणे वसवले, आणि पुढे अमेरिकेने फ्रान्सकडून विकत घेतलेल्या अफाट लुईझियाना प्रदेशातील सर्वांत जुनी कायम युरोपीय वस्ती असे या गावाचे स्थान ठरले. रेड नदीत वाहून आलेल्या ओंडक्यांचा मैलोगणती लांब अडथळा साचलेला होता. १८३० च्या दशकात तो फोडण्याचे मोठे काम हेन्री श्रीव्ह याने केले आणि त्याच काळात नदीने आपले पात्र बदलून पूर्वेकडची वाट धरली. बंदर म्हणून गावाचे महत्त्व ओसरले. नवी भरभराट दुसरीकडे गेली आणि जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा व घाई येथे उरली नाही. आज जे पाहायला आपण जातो ते शिल्लक राहिले त्यामागे नदीच्या या पाठ फिरवण्याचा मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे.

आता फ्रंट स्ट्रीटवरून पायऱ्या उतरून काठावरच्या रोक हाउसपाशी जावे. सहलीची खरी सुरुवात येथूनच करावी, असा माझा आग्रह आहे. घर लहान आहे, रस्त्यावरून तर त्याचे छप्परच तेवढे दिसते, आणि बहुतेक लोक त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. १८०३ च्या सुमारास ईव्ह ऊर्फ पाकाले या गुलामीतून मुक्त झालेल्या माणसाने ते बांधले. मूळ घर नदीच्या खालच्या अंगाला आयल ब्रेव्हेल भागात होते. १९६७ मध्ये ते उचलून येथे आणून ठेवले. छप्पर भिंतींच्या मानाने फार मोठे आहे, मान खाली घालून बसलेल्या माणसाच्या टोपीसारखे ते चारी बाजूंनी खाली उतरते. कडेने हळूहळू फिरावे. खांब आणि माती जिथे एकमेकांना भिडतात तिथे थांबून, हात न लावता जवळून पाहावे : लाकूड आकसल्यामुळे मधे पडलेली केसाएवढी फट, गिलाव्याचा पातळ थर, आणि जिथे गिलावा सुटला असेल तिथे मातीतून बाहेर आलेला एखादा काळा तंतू. तो तंतू एकदा डोळ्यांत बसला की दुसऱ्या दिवशी ओकलंड मळ्याच्या दिवाणखान्यात रंगवलेल्या गुळगुळीत भिंतीसमोर उभे राहिल्यावरही तिच्या पोटात काय आहे ते विसरायला होत नाही.

तेथून जेफरसन स्ट्रीटने दक्षिणेकडे चालत गेल्यास प्रूडोम-रूकिये हे दुमजली घर लागते. बूसियाझ पद्धतीने बांधलेल्या देशातील सर्वांत मोठ्या वास्तूंपैकी ते एक मानले जाते, आणि पुढच्या बाजूला नंतर चढवलेला ग्रीक धाटणीचा साज त्यावर आहे. हे घर बाहेरूनच पाहिले तरी चालेल. याच रस्त्याने पुढे सेंट जाँ बाप्तिस्त किल्ला आहे. मूळ किल्ला केव्हाच नष्ट झाला. सध्याचा किल्ला फ्रेंच अभियंता इन्यास ब्रूतँ याने १७३० च्या दशकात काढलेल्या आराखड्यांवरून १९७९ मध्ये पुन्हा उभारलेला आहे. लाकडी ओंडक्यांची तटबंदी, कोठार, लहानसे चर्च आणि सैनिकांच्या खोल्या असा त्याचा विस्तार आहे. जुन्या वास्तूंची ओढ असणाऱ्यांना प्रतिकृतीविषयी थोडी अढी असते, मलाही होती. परंतु काटक्या, माती आणि खांब कसे एकत्र येतात हे येथे उघड्यावर समजते आणि त्या काळचा वेश केलेले कर्मचारी प्रश्नांची उत्तरे मनापासून देतात, म्हणून लहान मुले बरोबर असतील तर किल्ला वगळू नये.

क्रीडा संग्रहालय आणि प्रादेशिक इतिहास संग्रहालय एकाच छताखाली असलेली २०१३ मधली इमारत फ्रंट स्ट्रीटच्या टोकाजवळ आहे. तिच्या आतल्या भिंती नदीच्या प्रवाहाने कोरल्यासारख्या वळत जातात. वेळ असेल तर अर्धा तास द्यावा.

जेवणाविषयी एक सूचना. या गावाची ओळख असलेला मीट पाय दिसायला थेट आपल्या करंजीसारखा असतो, अर्धचंद्राकृती, कडा मुरडलेला आणि तेलात तळलेला. पण आत गोमांस आणि डुकराचे मांस यांचा मसालेदार खिमा असतो. तेव्हा जे हे खात नाहीत त्यांनी आकाराला भुलून मागवू नये. शाकाहारी माणसांना या भागात मर्यादित पर्याय मिळतात. तेथे भात-घेवडा हा पदार्थ सर्वत्र असतो, पण त्यातही बहुधा सॉसेज किंवा हॅम घातलेले असते, म्हणून विचारूनच घ्यावे. आम्ही दुसऱ्या वेळेपासून दशम्या आणि चटणी बरोबर नेऊ लागलो आणि चिंता मिटली.

दुसरा दिवस : नदीकाठचा रस्ता

सकाळी लवकर निघून राज्य महामार्ग ४९४ ने दक्षिणेकडे जावे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कापूस, सोयाबीन आणि पीकन वृक्षांच्या बागा असा हा रस्ता आहे. साधारण दहा-बारा मैलांवर बर्म्यूडा नावाची लहानशी वस्ती आणि तेथे ओकलंड हा मळा लागतो. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या केन रिव्हर क्रेओल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा हा एक भाग, मॅग्नोलिया हा दुसरा. दोन्ही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे. मुलांसाठी ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागून घ्यावी. ती भरताना मुले ज्या गोष्टी शोधतात त्या पुष्कळदा मोठ्यांच्या नजरेतून सुटलेल्या असतात.

ओकलंडमध्ये दोन तास तरी राखून ठेवावेत. झां पिएर एमान्युएल प्रूडोम याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन मिळवली. सध्याचे मुख्य घर १८१८ ते १८२१ या काळात बांधले गेले, आणि राष्ट्रीय उद्यान सेवेने ते घेईपर्यंत त्याच कुटुंबाच्या पिढ्या तेथे नांदत होत्या. रस्त्यापासून घरापर्यंत सदाहरित ओक वृक्षांची दुहेरी रांग आहे आणि लोक तेथेच छायाचित्रे काढण्यात रमतात. त्या रांगेच्या शेवटी, घरासमोरच्या बागेत वाफ्यांच्या कडा काचेच्या बाटल्या उलट्या पुरून आखलेल्या आहेत. खाली वाकून पाहिले तर हिरव्या, तपकिरी, दुधी रंगांच्या बुडांची ओळ दिसते, काहींवर अजून अक्षरे उठून आहेत. औषधाच्या, दारूच्या, शाईच्या रिकाम्या बाटल्यांचा असा उपयोग करणारे घर किती काटकसरी होते, हे त्या एका ओळीवरून कळते.

मुख्य घर आतून मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते. येथे आदल्या दिवशीचा धडा लावून पाहावा : घर खांबांवर उचललेले आहे का, खोल्या एकमेकींत कशा उघडतात, पडवीवर छप्पर कसे आले आहे, आणि नंतरच्या पिढ्यांनी कोणती भर घातली. पण मार्गदर्शकाची फेरी संपली की लगेच मोटारीकडे वळू नये. ओकलंडचे मोठेपण त्याच्या मागच्या अंगणात आहे. कबुतरांसाठी बांधलेले लाकडी मनोरे, ओंडक्यांचे भले थोरले मक्याचे कोठार, सुतारशाळा, खेचरांचा तबेला, मुकादमाचे घर, दुकान आणि मजुरांची झोपडी अशा कित्येक इमारती मूळ जागीच उभ्या आहेत. ज्या मळ्यांचे केवळ मुख्य घर उरले आहे तेथे हे सगळे कल्पनेने भरावे लागते. येथे ते समोर असते.

आणि हे सगळे कोणाच्या हातचे आहे, हा प्रश्न प्रत्येक इमारतीपाशी विचारावा. विटा पाडणारे, सायप्रस तासणारे, माती तुडवून भिंती भरणारे हात बहुतांशी गुलाम म्हणून डांबलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांचे होते. सॉलोमन विल्यम्स या ओकलंडवरील गुलाम लोहाराचे नाव कागदपत्रांत टिकले. त्याने घडवलेले लोखंडी क्रूस कबरींवर उभारले गेले. बाकीच्यांपैकी बहुतेकांची नावे मालमत्तेच्या यादीत किंमतीसह लिहिलेली तेवढी सापडतात. मालकाच्या घराच्या भिंतीत जी माती आहे तीच गुलामांच्या झोपडीत होती, दोन्ही भिंती त्याच हातांनी भरल्या होत्या. मला हे कळले तेव्हा मी दिवाणखान्यातून पुन्हा बाहेर जाऊन मागच्या झोपडीपाशी बराच वेळ उभा राहिलो.

गुलामगिरी संपल्यावरही चित्र एका दिवसात पालटले नाही. मुक्त झालेली माणसे बटईने किंवा खंडाने तीच जमीन कसू लागली. बियाणे, पीठ, कापड मळ्याच्या दुकानातून उधारीवर घ्यायचे आणि कापूस निघाला की हिशेब करायचा, असा तो क्रम होता. ओकलंडचे दुकान पाहताना त्या उधारीच्या वहीचा विचार मनात ठेवावा. सावकाराची वही ज्या कुटुंबांनी पाहिली आहे त्यांना ती अधिक सांगण्याची गरज नाही.

पुढे राज्य महामार्ग ११९ ने गेल्यास मेलरोझ लागते. येथे तिकीट आहे आणि ते पूर्ण मोलाचे आहे. या ठिकाणाची कहाणी मारी तेरेज क्वाँक्वाँ या स्त्रीपासून सुरू होते. ती १७४२ मध्ये गाव वसवणाऱ्या सँ-दनीच्याच घरात गुलाम म्हणून जन्मली. क्लोद तोमा पिएर मेतोयेर या फ्रेंच व्यापाऱ्यापासून तिला दहा मुले झाली. १७७८ मध्ये त्याने तिला मुक्त केले आणि पुढे वेगळे होताना थोडी जमीन दिली. त्या जमिनीवर तिने तंबाखू पिकवला, अस्वले मारून त्यांची चरबी विकली, आणि मिळालेल्या पैशातून आपल्या गुलामीत अडकलेल्या मुलांचे स्वातंत्र्य एकेक करून विकत घेतले. मेलरोझची जमीन तिचा मुलगा लुई मेतोयेर याला १७९६ मध्ये मिळाली. जुन्या पुस्तिकांत मेलरोझ तिनेच उभारले असे लिहिलेले आढळते, परंतु कागदपत्रांच्या आधारे संशोधकांनी ते श्रेय लुईकडे दिले आहे. आई म्हणून या साऱ्याची मुळे तिच्याच श्रमात आहेत, एवढे मात्र निर्विवाद.

येथे एक अवघड गोष्टही स्वीकारावी लागते. मेतोयेर कुटुंब पुढे देशातील अतिशय संपन्न मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी एक झाले आणि त्यांनी, खुद्द क्वाँक्वाँनेही, माणसे गुलाम म्हणून ठेवली. मार्गदर्शक हे सांगतात, तेव्हा ते शांतपणे ऐकून घ्यावे. सोयीची नसलेली ही बाजू वगळून केन नदीचा इतिहास समजत नाही.

मेलरोझच्या आवारात यक्का हाउस हे बूसियाझचे घर आधी पाहावे, मग आफ्रिकन हाउस. खाली विटांची भक्कम खोली, वर तासलेल्या लाकडाचा मजला, आणि त्याच्यावर एवढे मोठे पुढे आलेले छप्पर की लांबून इमारत छत्रीसारखी दिसते. वरच्या मजल्यावर क्लेमेंटाइन हंटरने १९५५ मध्ये रंगवलेली मोठी चित्रफलके आहेत. ही बाई आधी कापूस वेचणारी मजूर होती, नंतर मेलरोझच्या स्वयंपाकघरात राबली. लिहिता-वाचता येत नव्हते. विसाव्या शतकात मेलरोझच्या मालकीण कॅमी हेन्री यांनी येथे लेखक-चित्रकारांना आश्रय दिला होता. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी मागे राहिलेल्या रंगांच्या नळ्या घेऊन, वयाची पन्नाशी उलटण्याच्या सुमारास तिने चित्रे काढायला सुरुवात केली. कापसाची वेचणी, नदीतला बाप्तिस्मा, लग्न, अंत्ययात्रा, कपडे धुण्याचा दिवस, शनिवारची रात्र हे सगळे तिच्या फलकांवर आहे. मोठ्या घरातील माणसे त्यात जवळजवळ नाहीत. ज्या जगाने तिला कधी चौकटीच्या मध्यभागी ठेवले नव्हते, त्या जगाचा मध्य तिने आपल्या लोकांकडे सरकवला. १९८८ मध्ये शंभरी ओलांडून ती वारली, त्याआधी १९८६ मध्ये याच गावातील नॉर्थवेस्टर्न स्टेट विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली होती. या खोलीत घाई करू नये. एकेका फलकासमोर उभे राहून माणसे मोजावीत, ती काय करीत आहेत ते पाहावे.

मेलरोझच्या जवळच आयल ब्रेव्हेलचे सेंट ऑगस्टिन चर्च आहे. क्वाँक्वाँचा मुलगा निकोला ऑगुस्तँ मेतोयेर याने ते स्थापन केले. स्थापनेचे वर्ष परंपरेने १८०३ मानले जाते, सध्याची इमारत विसाव्या शतकातली आहे. १८३६ मध्ये काढलेल्या त्याच्या तैलचित्रात तो काळ्या कोटात उभा असून हाताने चर्चकडे निर्देश करतो. येथे वागण्याविषयी काळजी घ्यावी, कारण हे संग्रहालय नाही. येथे दर आठवड्याला प्रार्थना होते, आणि मागच्या दफनभूमीत मेतोयेर घराण्याबरोबर आजच्या कुटुंबांचीही माणसे विसावलेली आहेत. पोशाख साधा असावा, कबरींवर पाय पडू देऊ नये, आणि कोणी दिसल्यास छायाचित्रापूर्वी विचारावे. आम्हाला भेटलेल्या एका आजींनी आपणहून चार पिढ्यांची नावे सांगितली आणि निघताना पुढच्या वेळी मिसेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, या, असे म्हटले.

शेवटचा मुक्काम मॅग्नोलिया, डेरी या वस्तीजवळ. मुख्य घर आजही खासगी आहे, उद्यानाकडे आहेत त्या बाकीच्या इमारती. यादवी युद्धात, १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्याने येथील जुने घर जाळले. नंतरचे घर १८९० च्या दशकात पुन्हा बांधलेले आहे. याच युद्धाने अमेरिकी कापसाची निर्यात अडकली, इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाड आणि खानदेशाच्या कापसाकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये तो ओसरला. मॅग्नोलियाच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या इमारतीत, उभे राहिल्यावर हे आठवणे मराठी माणसाला स्वाभाविक आहे. त्या जिनात सरकी काढण्याच्या यंत्राबरोबर गाठी दाबण्याचा लाकडी स्क्रूचा अवाढव्य दाबयंत्र-सांगाडा आहे. खेचरे गोल फिरवून तो स्क्रू खाली उतरवीत आणि रुई दाबली जाई. मूळ जागी उभे असलेले असे यंत्र अत्यंत दुर्मीळ आहे. अकोला-अमरावतीकडची जिनिंग-प्रेसिंगची आवारे ज्यांच्या ओळखीची आहेत त्यांनी या खोलीत थोडे जास्त थांबावे.

आणि मग विटांच्या खोल्यांकडे जावे. पूर्वी अशा २४ इमारती होत्या, त्यांतील आठ उरल्या आहेत. प्रत्येकीत दोन खोल्या, मधोमध दोन्हीकडे तोंड असलेली एक चूल-चिमणी, आणि प्रत्येक खोलीत एक कुटुंब. गुलामगिरीनंतर बटईदार कुटुंबांनी मधली भिंत ओलांडून दोन्ही खोल्या वापरात घेतल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथे माणसे राहत होती. आत वाकून शिरावे. भिंती जाड, खिडक्या लहान, जमीन थंड. चुलीजवळच्या विटांवर काजळी असते. मोठ्या घराची भव्यता दहा मिनिटांत विसरायला होते, या खोलीतला काळोख कित्येक दिवस बरोबर राहतो. दिवस उरला नसेल तर मेलरोझचे मोठे घर सोडावे, पण या खोल्या सोडू नयेत.

मॅग्नोलियाहून महामार्ग ४९ चा ११९ क्रमांकाचा फाटा जवळ आहे, त्यामुळे अलेक्झांड्रियाकडे जाणाऱ्यांना पुन्हा गावात यावे लागत नाही. ज्यांना टेक्सासला परतायचे आहे त्यांनी दुसरी रात्र गावात काढावी आणि सकाळी राज्य महामार्ग ६ ने पश्चिमेकडे निघावे. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ख्रिसमस महोत्सव असतो. १९२७ पासून चालत आलेल्या त्या रोषणाईसाठी एवढी गर्दी होते की खोली महिनोन्महिने आधी घ्यावी लागते आणि नदीकाठच्या घरांसाठी निवांतपणा मिळत नाही. म्हणून ती सहल वेगळी ठेवावी.

महामार्ग ६ वर रोबेलीनजवळ लोस आदाएस हे स्थळ आहे. १७२९ पासून सुमारे चार दशके स्पॅनिश टेक्सासची राजधानी येथे होती, फ्रेंचांच्या नॅकटिशपासून जेमतेम पंधरा मैलांवर, आणि दोन्ही राजसत्तांची मनाई असूनही दोन्ही ठाण्यांतले लोक एकमेकांशी धान्य, कातडी आणि घोड्यांचा व्यापार करीत, लग्नेही जुळवीत. आता तेथे एकही भिंत उभी नाही. गवतात किल्ल्याची आखणी तेवढी दाखवलेली आहे आणि पायवाटेने ती वीस मिनिटांत फिरून होते. तेथून तोच रस्ता पुढे सबीन नदी ओलांडून टेक्सासमध्ये उतरतो.